दुबार कोण?

शेतात राबलेल्या माणसाला ‘दुबार’ हा शब्द शिकवावा लागत नाही. मृगात पेरलं, पावसानं दगा दिला, बी जळून गेलं, की घरात उरलेली पायली-दोन पायली पुन्हा मातीत टाकायची. ही दुबार पेरणी. दुबार पेरणाऱ्याला कोणी हावरट म्हणत नाही. पहिलं बुडालं म्हणून तो पुन्हा पेरतो, हे गावातलं शेंबडं पोरगंही जाणतं.

हाच शब्द तहसीलच्या खिडकीत जाऊन बसला आणि त्याचा अर्थ फिरला. तिथं दुबार म्हणजे चोर. कॉम्प्युटरवर एकाच आधार नंबरापुढं दोन योजनांची नावं आली की खिडकीमागचा बाबू म्हणतो, आजी, तुमचं नाव दुबार दाखवून राहिलं.

कागदावर एक बुढी उभी करू. नाव नको. नाव दिलं की तुम्ही म्हणाल, ही एकटीच आहे. जिवतीच्या पहाडावरची धरा, नाहीतर एटापल्लीच्या जंगलातली. नवरा गेलेला. पोरगा तेलंगणात मिरची तोडायला. डोळ्यांत मोतीबिंदू. बाबूचं ऐकून ती काय म्हणेल?

“मी कोनाचं दुबार खाल्लं रे बाबू? एक बार तरी पोटभर भेटलं का मले?”

तिचा हा सवाल घेऊन मी लिहायला बसलोय. सरकारी पैसा एकाच कामावर दोनदा जाऊ नये, हे आपल्यालाही मान्य. पैसा आभाळातून पडत नाही. आपल्याच काडीपेटीवरच्या करातून तो जमतो. पण दुबारी शोधायची तर कुठं शोधायची? बुढीच्या पदरात, की सरकारच्या दप्तरात?

आधी कबुली देऊ. चोरी झाली. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजना सुरू झाली. विधानसभा तोंडावर होती, अर्ज धडाधड मंजूर झाले. मग २०२५ मध्ये तपासणी झाली तेव्हा दोन हजारांहून जास्त सरकारी नोकरीतल्या बाया निघाल्या. चौदा हजारांवर चक्क पुरुष निघाले. बहिणीच्या नावाचा पैसा भावांनी खाल्ला. त्यांच्याकडून पै न् पै वसूल करा, आम्ही आड येणार नाही.

पण फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारनं ५ लाख नावं कापली, त्यांची फोड बघा. २ लाख ३० हजार बाया संजय गांधी निराधार योजनेतल्या. १ लाख १० हजार पासष्टी ओलांडलेल्या. उरल्या १ लाख ६० हजार, त्यात चारचाकीवाल्या, दुसऱ्या योजनेतल्या, आपणहून नाव काढून घेणाऱ्या. म्हणजे कापलेल्या दर तीन नावांत दोन नावं निराधार बाईची नाहीतर म्हातारीची. कोयता गवतावर चालवायचा होता, तो चालला धानावर.

सरकार म्हणेल, नियम आहे. एकीकडून १५०० मिळतात, मग दुसरीकडून कशाला? ठीक. आता हाच हिशेब उलटा मांडू. लाडक्या बहिणीसाठी घरच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. निराधार योजनेची मर्यादा २१ हजार. महिन्याला साडेसतराशे, तेही सगळ्या घराचं मिळून. जुलै २०२३ पासून निराधाराची रक्कम हजारावरून दीड हजारावर नेली, तेव्हाही ही २१ हजारांची चौकट तशीच ठेवली. अडीच लाखवालीला १५००. एकवीस हजारवालीला १५००. मग नवरा मेल्याचे, कोणी सांभाळत नसल्याचे पैसे कुठं गेले? शून्य. सरकारच्या वहीत निराधारपणाची किंमत शून्य आहे आणि त्या शून्याला दुबारी टाळणं असं गोड नाव आहे.

आणि पासष्टीचं काय? ६५ संपले की बाई लाडकी राहत नाही. तिनं श्रावणबाळ योजनेच्या दारात जायचं. तिथं पुन्हा तेच २१ हजार उभे. काल अडीच लाखांच्या आत होती म्हणून गरीब, आज २१ हजारांच्या वर आहे म्हणून श्रीमंत! वय वाढलं, हातपाय थकले, मजुरी सुटली, आणि सरकार म्हणतं, बाई, तुझी परिस्थिती सुधारली. दोन योजना एकमेकींवर चढू नयेत म्हणून मधी एवढी फट ठेवली की अख्खी म्हातारी तिच्यात पडावी.

आता दुबारी दाखवतो. दारिद्र्यरेषेखालच्या यादीतल्या म्हाताऱ्याच्या खात्यात येणारे १५०० एका योजनेचे नसतात. २०० रुपये केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेचे, १३०० राज्याच्या श्रावणबाळचे. केंद्राचे ते २०० रुपये २००७ सालापासून २०० च आहेत. तेल वाढलं, तांदूळ वाढला, आमदार-खासदारांचे पगार वाढले, ते दोनशे हलले नाहीत. एकाच म्हाताऱ्याच्या एकाच भाकरीसाठी दोन योजना, दोन लेखाशीर्ष, दोन हिशेब. याला कोणी दुबार म्हणत नाही. याला प्रशासन म्हणतात.

पुढं ऐका. राज्याचा हा पैसाही तीन डब्यांत येतो. सर्वसाधारण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती. म्हणजे निराधाराच्या पैशालाही जात आहे. एका डब्यात पैसा आला आणि दुसरा रिकामा राहिला की एकाच गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांपैकी एकीचा हप्ता जमा होतो, दुसरीचा अडकतो. डिसेंबर २०२४ पासून पैसा थेट खात्यात येतो म्हणे. येऊ द्या. पण खातं आधारला जोडलेलं पाहिजे, अंगठा मशीननं ओळखला पाहिजे, बँक पोहोचण्यासारखी पाहिजे आणि वरून दरसाल हयातीचा दाखला. जन्मभर तेंदूपत्ता तोडून, मोहफूल वेचून, धानाची रोवणी करून बोटांच्या रेषा पुसल्या. मशीन म्हणतं, ही बाई ती बाई नाही. जिवंत माणसानं जिवंत असल्याचा कागद आणायचा आणि कागदावर शिक्का मारणारा जागेवर नाही!

२०२५ मध्ये लाडक्या बहिणींची ई-केवायसी काढली तेव्हा तर कमाल केली. नवऱ्याचा किंवा बापाचा आधार मागितला. विधवेनं कोणाचा द्यायचा? स्मशानात जाऊन ओटीपी मागायचा? बोंबाबोंब झाल्यावर सरकारला मुदत वाढवावी लागली, विधवा-परित्यक्तांसाठी वेगळी वाट काढावी लागली. ही वाट आधी का सुचली नाही? कारण योजना लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढं विधवा नव्हती, फक्त दुबार होती.

पण खरी दुबारी याहून मोठी आहे. मे २०२५ मध्ये बातमी आली की लाडक्या बहिणीच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास खात्याचे ३३५ कोटी ७० लाख वळवले. बेरीज ७४६ कोटी. खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी जाहीर नाराजी दाखवली, आणि पैसा तरी गेलाच.

सरकारची बाजूही ऐकून घेऊ. ते म्हणतात, दलित-आदिवासी बायाही लाडक्या बहिणीच आहेत, त्यांच्या वाट्याचा खर्च त्यांच्या खात्यातून केला तर बिघडलं कुठं? बिघडलं ते इथं. योजना सगळ्या बायांची आहे. मग दलित बाईचे १५०० सगळ्यांच्या तिजोरीतून यायला हवेत, जसे पाटलीणबाईचे येतात. अनुसूचित जातीचा राखीव पैसा त्याच्यावर जास्तीचा आहे. हजारो वर्षांचा खड्डा बुजवायला तो वेगळा काढलाय. आता तोच रुपया दोनदा लिहिला गेला. एका वहीत लाडक्या बहिणीला दिला, दुसऱ्या वहीत दलितांचा विकास केला. रुपया एक, फोटो दोन. दोस्तहो, दुबार म्हणतात ती ही. ७४६ कोटींत चार लाखांहून जास्त निराधारांचं अख्ख्या वर्षाचं अनुदान भागलं असतं. एवढी मोठी दुबारी कॉम्प्युटरवर लाल होत नाही. लाल होतं ते बुढीचं नाव.

इथवर पोटाचं झालं. आता जिवाचं बोलू, कारण निराधाराला पोटाइतकाच जीवही वाचवायचा असतो.

ऑगस्ट २०२१. चंद्रपूर जिल्हा, जिवती तालुका, वणी खुर्द. जादूटोण्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या सात जणांना भर चौकात खांबाला बांधून मारलं. त्यात म्हातारी माणसं, म्हाताऱ्या बाया. १ मे २०२४. गडचिरोली जिल्हा, एटापल्ली तालुका, बारसेवाडा. राज्यभर महाराष्ट्र दिनाचे झेंडे लागले होते, त्या दिवशी जादूटोण्याच्या संशयावरून एका बाईला आणि एका पुरुषाला जिवंत जाळलं. दोन्ही वेळा पोलीस आले, धरपकड झाली. सगळं झाल्यावर.

मग या माणसांसाठी सरकारकडं योजना नव्हत्या, समित्या नव्हत्या का? बोटं मोडा. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, दाभोलकरांचा खून झाल्यावर आलेला. त्यात दक्षता अधिकारी आहे. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. त्याचं न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्याकडं, आणि प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार म्हाताऱ्यांचा वृद्धाश्रम काढता येईल अशी त्यात तरतूद. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याचा संरक्षण अधिकारी आहे. अ‍ॅट्रॉसिटीच्या नियमांप्रमाणं कलेक्टरच्या हाताखाली जिल्हा दक्षता समिती आहे. विधी सेवा प्राधिकरण आहे. सखी केंद्र आहे. म्हाताऱ्यांसाठी फोन नंबर आहे. एवढी दारं! प्रत्येक दाराला वेगळा साहेब, वेगळं रजिस्टर, वेगळी मीटिंग, वेगळा चहा.

आणि गावात कोण? कोणी नाही.

अशी आग एका रात्रीत लागत नाही. आधी कोणाचं तरी लेकरू आजारी पडतं. दवाखाना लांब, पुजारी जवळ. पुजारी बोट दाखवतो. बोट कोणावर जातं? जिच्या मागं चार भाऊ आहेत तिच्यावर जात नाही. एकटीवर जातं, बुढीवर जातं, जिच्या नावावर तुकडाभर जमीन आहे आणि जिच्या बाजूनं बोलणारा कोणी नाही तिच्यावर जातं. मग बायका तिच्या हातचं पाणी घेत नाहीत. मग गावाची बैठक बसते. आशाताईला ठाऊक असतं, अंगणवाडीताईला ठाऊक असतं, कोतवालाला ठाऊक असतं. पण ठाऊक असलेली गोष्ट वर कळवायची, बुढीला रात्रीतून दुसऱ्या गावी हलवायची, हे त्यांच्यापैकी कोणाचंच काम नाही. त्यासाठी गाडी नाही, खोली नाही, मानधनाचा रुपया नाही. आशाताईला मोजून कामाचे पैसे, त्या मोजणीत बुढीचा जीव बसत नाही.

कायद्यातही भोक आहे. मारणारा अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असला तर अ‍ॅट्रॉसिटी लागते. मारणारे आपलेच भाऊबंद असले की ती लागत नाही. जातपंचायतीनं, गावकीनं आपल्याच बाईला जाळलं तर दलित-आदिवासींसाठी बनलेली सगळी यंत्रणा सांगते, हा आमचा विषय नाही. म्हणजे वर समितीवर समिती, खाली पोकळी. वर दुबारी, खाली दुष्काळ.

म्हणून आपलं म्हणणं सरळ मांडू.

पहिली गोष्ट. मनाई करायची तर एकाच कामाच्या दोन पैशांना करा, एकाच माणसाच्या दोन हक्कांना नको. पेन्शन भाकरीसाठी आहे. संरक्षण जिवासाठी आहे. अ‍ॅट्रॉसिटीची मदत झालेल्या अत्याचाराची आहे. तीन वेगळ्या गोष्टी, माणूस एक. एका माणसाला पायात काटा आणि डोळ्यात कुसळ, तर डॉक्टर म्हणतो का, काटा काढलाय, आता डोळ्याचं दुबार होईल? हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. अ‍ॅट्रॉसिटीच्या १९९५ च्या नियमांतला बारावा नियम काढून वाचा. पीडिताला दिलेली मदत ही दुसऱ्या कोणत्याही कायद्यानं मिळणाऱ्या भरपाईच्या शिवाय आहे, असं तिथं स्पष्ट लिहिलंय. सरकारचाच कायदा. खिडकीपर्यंत पोहोचलेला नाही, एवढंच.

दुसरी. खिडक्या एक करा. संजय गांधी, श्रावणबाळ, विधवा, दिव्यांग, सगळ्यांचा एक अर्ज, एक रजिस्टर, ग्रामपंचायतीत. कोणत्या डब्यातून पैसा काढायचा ते सरकारनं आपसात भांडून ठरवावं. कागद फिरू द्या, बुढी नाही. दुबारी खरंच टाळायची असेल तर ती अशी टळते, आणि वाचलेला पैसा वर न नेता संरक्षणाला लावा.

तिसरी. संरक्षणाला पैसा नाही, हे चंद्रपूर-गडचिरोलीत कोणी बोलू नये. चंद्रपूरच्या पोटातून कोळसा जातो, सूरजागडच्या डोंगरातून लोखंड जातं. २०१५ पासून खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. खाणवाल्यांनी त्यात पैसा भरायचा आणि तो खाणीनं बाधित लोकांवर खर्चायचा. त्याच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत होतं, निदान ६० टक्के रक्कम उच्च प्राधान्याच्या कामांवर, आणि त्या कामांच्या यादीत वृद्ध आणि अपंगांचं कल्याण हे शब्द छापलेले आहेत. वर असंही लिहिलंय की हा पैसा चालू योजनांना पूरक असावा. म्हणजे दुबारीचा प्रश्न तिथं आधीच सुटलाय. पेन्शन राज्यानं द्यावी. खाणींच्या पैशातून गावचा एक पगारी संरक्षण-सेवक, तालुक्याला एक निवारा, एक गाडी आणि एकाकी म्हाताऱ्यांची दर महिन्याची विचारपूस व्हावी. खाणबाधित पट्ट्यापासून सुरुवात करा, बाकीच्या गावांसाठी सरकारनं आपला खिसा उघडावा. ज्या डोंगरातून ट्रकची रांग खाली उतरते, त्याच डोंगरात एका बुढीसाठी रात्री गाडी वर चढत नाही, हे आम्ही किती वर्षं बघायचं?

चौथी. चौकशीशिवाय कोणाचाही हप्ता थांबवू नका. संशय आला तर घरी जा, विचारा, लेखी कळवा, म्हणणं ऐका. तोवर पैसा चालू. आज उलटं चालतं. आधी बंद, मग वर्षभर बुढीनं खेटे घालायचे.

इथं काही मित्र म्हणतील, सगळं ग्रामसभेवर सोपवा. गडचिरोलीत १९९६ चा पेसा कायदा आहे, लाभार्थी निवडण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. मेंढा-लेखासारख्या गावानं ग्रामसभा काय करू शकते ते दाखवलंय, त्याला सलाम. पण दोस्तहो, वणी खुर्दचा चौकही गावच होता. बारसेवाड्याची बैठकही गावाचीच होती. घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी गावाचे वाभाडे काढले होते, ते उगाच नाही. म्हणून माझं म्हणणं असं की ग्रामसभेनं नाव घालावं, तिला पूर्ण मोकळीक. नाव काढायचा अधिकार मात्र तिला एकटीला नको. ज्या बाईला गावानं चेटकीण ठरवलं तिचं पेन्शन गावाच्या हात वर करण्यावर टांगायचं नाही.

आता आपल्याकडं वळू. सरकारला दुबार म्हणताना आपली दुबारी लपवू नये. चंद्रपूर शहरातच मोजा, किती गट, किती सेना, किती अध्यक्ष. रिपब्लिकनांचे तुकडे मोजता मोजता आपल्या हातांची बोटं संपली. १४ एप्रिलला एकाच चौकात दोन स्टेज, दोन डीजे, दोन पाहुणे. जिवतीच्या पहाडावर मात्र एकही नाही. वणी खुर्द झाल्यावर आपण निवेदनं दिली. पण त्या तालुक्यात आज एकाकी राहणाऱ्या म्हाताऱ्या किती, त्यांच्यावर कोणाचं बोट आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आपणही आग लागल्यावरच पोहोचणारे. पोलिसांच्या गाडीमागं आपली गाडी.

१६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चांद्यात धम्मदीक्षा दिली. नागपूरनंतर दोनच दिवसांनी. तब्येत खालावलेली असताना हा माणूस इथवर आला. दर ऑक्टोबरला आपण चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जमतो, हजारोंनी. पुस्तकांचे स्टॉल लागतात, भोजनदान होतं, चांगलं आहे. यंदा तिथं सगळ्या गटांचं मिळून एकच टेबल लावा. त्याच्यावर तीन कामं. अडकलेल्या हप्त्यांची गाववार यादी. खनिज प्रतिष्ठानानं वृद्ध-अपंगांवर किती रुपये खर्च केले याचा माहिती अधिकाराचा अर्ज. जिल्हा दक्षता समितीच्या गेल्या पाच वर्षांत किती बैठका झाल्या याचा दुसरा अर्ज. आणि प्रत्येक तालुक्यासाठी पाच पोरं-पोरी, महिन्यातून एकदा पहाड चढणारी. भाषण ठोकायला नको. बुढीच्या ओसरीवर बसायला, तिच्या हातचं पाणी प्यायला. गाव बघत असताना तिच्या घरचं पाणी पिणं हेसुद्धा संरक्षण आहे. पाण्याचं मोल आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही, चवदार तळ्याची लेकरं आपण.

घटनेच्या ४१ व्या कलमात म्हातारपण, आजार, अपंगत्व यांत सरकारी मदतीचा हक्क लिहिलेला आहे. तो एकदा तरी पुरता मिळू द्या. पहिली पेरणीच उगवली नाही, आणि हे विचारतात दुसऱ्यांदा पदर का पसरला.

टेबल लागेल त्या दिवशी मी तिथं असेन. तुम्ही कोणत्या गटाचे, हे विचारणार नाही. तालुका कोणता घेता, तेवढं विचारीन.